दोरीला बांधलेली वही

गंगापूर रोडवरच्या आमच्या विभागात, दुसऱ्या मजल्यावर,
फ्रीजच्या दांडीला सुतळीनं बांधलेली
एक लांबडी, हिशेबाची असते तशी वही होती.
खैरनार मॅडमचा नियम:
जमलं ते प्रबंधात लिहा,
फसलं ते इथं.
इथलं कुणीही वाचावं,
कुलूप फक्त रसायनांच्या कपाटाला.

मला राग यायचा त्या सुतळीचा.
एमएस्सीची दोन वर्षं, त्यातलं एक कांद्याच्या वासात गेलेलं;
माझी फजिती मी का वाटावी
पेढ्यांसारखी?

कांदा बाहेरून सांगत नाही.
चाळीत थर लागतो, वरचा गुलाबी, ठणठणीत,
आणि मधेच कुठेतरी एक
गुपचूप पाणी सोडतो.
नाकाला कळेपर्यंत शेजारचे वीस गेलेले.
मला ते नाकाच्या आधी हवं होतं.

सेन्सर आणला, महागाचा.
त्याला जाळीची डबी हवी, म्हणून तांबट आळीत गेले.
वडकेकाकांनी पत्रा कानाशी धरून टिचकी मारली,
"हा जाड," म्हणाले, दुसरा घेतला.
भोकं पाडताना विचारलं, काय शिकतेस?
सांगितलं.
"म्हणजे सडण्याचं शिकतेस,"
ठोका न चुकवता.

वहीत लिहिलं, अक्षर मुद्दाम बारीक:
"प्रयोग अकरावा. सेन्सर रात्री भलतंच दाखवतो.
डबीही काळी पडते. तांबं भेसळीचं असावं."

चौथ्या दिवशी समासात हिरवी शाई:
"रात्री दव असतं. आर्द्रता वजा केलीस? – भोये, इलेक्ट्रॉनिक्स."
सुरगाण्याचा सीताराम भोये. तोवर मी त्याला फक्त
मेसच्या रांगेत पाठमोरा पाहिलेला.
त्याखाली पेन्सिलनं, संख्याशास्त्राची मुबश्शिरा अत्तार:
"सगळ्यांची सरासरी काढलीस. जो एक ओरडत होता
त्याचा आवाज त्यातच बुडाला."
आणि अगदी कोपऱ्यात, कुणाचे ते आजही ठाऊक नाही,
चार शब्द:
"डबी किती दिवसांत काळी?"

वही हातात घेऊन उभी राहिले.
फ्रीज घुरघुरत होता.
किती दिवसांत?
मोजलंच नव्हतं. मी तर ती
दर सोमवारी चिंच लावून घासत होते,
उत्तर धुऊन टाकत होते.

मग सेन्सर खोक्यात गेला.
तांब्याच्या बोटभर पट्ट्या, पिंपळगावच्या एका चाळीत
शंभर जागी खोचलेल्या.
भोयेनं रंग वाचणारा दिवा जोडला.
कुठे खोचायच्या, कुठे उगाच, ते मुबश्शिरानं ठरवलं.
वडकेकाकांनी पत्रा फुकट दिला नाही,
पण बोट न कापता कड कशी मारायची, ते दिलं.
सडू लागलेल्या कांद्याच्या वाफेनं
पट्टी आधी तपकिरी, मग जांभळी, मग शाई.
नाकाच्या नऊ दिवस आधी.

भांडणं झाली, झालीच.
पेपरवर पहिलं नाव कुणाचं, यावरून
कॉलेज रोडच्या टपरीवर तीन चहा गार झाले.
मुबश्शिरा म्हणाली, अकारविल्हे लावा.
भोये म्हणाला, हो गं, अत्तारबाई.
हसलो. तंटा मिटला नाही,
चहा मात्र पुन्हा सांगितला.
आभारांत एक ओळ तेवढी बिनभांडणाची:
समासातल्या चार शब्दांना.

पट्टी अजून चुकते.
ट्रॅक्टरच्या धुरानं काळवंडते,
शेजारी लसूण ठेवला तरी काळवंडते.
तेही लिहिलंय, पान एकशे चार.

काल पाहिलं, तर त्याखाली पहिल्या वर्षातल्या कुणाचं तरी
थरथरतं अक्षर:
"द्राक्षरसात यीस्ट उठत नाही. तीनदा केलं.
कारण माहीत नाही. लाज वाटते."

सुतळी आखूड आहे, वाकूनच लिहावं लागतं.
वाकले.
"पाणी कुठलं वापरतेस?"